प्रमाणपत्र आणि पात्रता



वसंत ऋतू हा जसा व्याख्यानांचा, तसाच परीक्षा संपण्याचा आणि ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाचाही हंगाम आहे. पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी गावी परत येते. शेजारी सल्ला देतात, ‘पुण्याला पाठवा, संगणकाचा एखादा क्लास लावा.’ क्लासची फी, खोलीचे भाडे आणि खाणावळ यांची बेरीज केली की घरात कर्जाची भाषा सुरू होते. हे कर्ज काढण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संगणकाच्या क्षेत्रात असे एक दार आहे की ज्यातून घरच्या अभ्यासाच्या बळावर आत जाता येते. त्या दारालाच ‘टेक सपोर्ट’ किंवा तांत्रिक साहाय्याचे काम म्हणतात.

हे काम म्हणजे काय? ज्यांचे संगणक, प्रिंटर, ई-मेल किंवा नेटवर्क अडले आहे त्यांची अडचण ऐकणे, दोष शोधणे, तो दूर करणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे. मोठ्या संस्थांतून या कामाच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरचा माणूस फोन घेतो, तक्रारीचे ‘टिकिट’ तयार करतो आणि नेहमीचे दोष तेथल्या तेथे सोडवतो. त्याच्याकडून न सुटलेले टिकिट अधिक जाणत्या माणसाकडे जाते. नवशिक्याचा प्रवेश पहिल्या पायरीवर होतो. परदेशी ग्राहकांचे काम असेल तर रात्रपाळीही करावी लागते, हे आधीच सांगितलेले बरे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2001 साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत संगणक ओळखीचा केला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु ती परीक्षा संगणक वापरता येतो एवढे सांगते. ट्रॅक्टर चालवता येणे आणि बंद पडलेला ट्रॅक्टर उघडून दुरुस्त करता येणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. तांत्रिक साहाय्याला दुसरी विद्या लागते.

तिच्या परीक्षाही वेगळ्या आहेत. कॉम्पटिया या संस्थेची ‘ए प्लस’ परीक्षा 1993 पासून चालत आली आहे. तिचे दोन पेपर असतात. प्रत्येक पेपर 90 मिनिटांचा असून त्यात जास्तीत जास्त 90 प्रश्न येतात. हार्डवेअर, मोबाइल व नेटवर्क हे पहिल्या पेपरचे, तर ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षितता व कामाच्या पद्धती हे दुसऱ्याचे विषय. दुसरी परीक्षा सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’. ती नेटवर्कची असून 1998 पासून चालू आहे. या दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते. शिवाय, या परीक्षांना बसण्यासाठी पदवीची किंवा कोणत्याही क्लासची अट नाही. शासकीय मार्ग हवा असेल त्याला आयटीआयमधील संगणकाचे ट्रेड आहेत, तसेच ‘नायलिट’ या केंद्रीय संस्थेची ‘ओ लेव्हल’ परीक्षा आहे.

‘पण नगरला असे काम आहे कोठे?’ अशी शंका येईल. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आणि सहकाराचा जिल्हा आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या साखर कारखान्यांचे वजनकाटे आज संगणकाला जोडलेले आहेत. पतसंस्थांच्या शाखा, दूध संकलन केंद्रे, दवाखाने, महाविद्यालये, सुप्याचे व नगरचे कारखाने, या साऱ्यांचे व्यवहार नेटवर्क बंद पडताच थांबतात. पगार येथे पुण्याइतका मिळणार नाही, हे खरे. पण कामावर हात बसण्यासाठी पहिले वर्ष घराजवळ काढता येते, आणि मग पुण्याच्या मुलाखतीत सांगण्याजोगे काहीतरी पदरी असते.

आता अभ्यास कसा करावा ते पाहू. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला, ‘आमचे इंटरनेट बंद आहे.’ अडाणी उपाय म्हणजे सर्व काही बंद करून पुन्हा चालू करणे. कधी त्याने काम होते, पण दोष कळत नाही. जाणकार माणूस प्रथम विचारतो, ‘सर्वांचे बंद आहे की एकट्याचे? काल चालू होते का? मधल्या काळात काय बदलले?’ एकट्याचेच बंद असेल तर तो केबल आणि तिच्या खोबणीजवळचा दिवा पाहतो. मग संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहतो. तो 169.254 ने सुरू होत असेल तर अर्थ असा की, संगणकाने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला. म्हणजे दोष संगणक आणि पत्ते वाटणारा राउटर यांच्या दरम्यान शोधायचा. पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ या आज्ञेने राउटरला हाक मारून पाहावी, नंतर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला. आकडी पत्ता उत्तर देतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे दिसले तर संशय ‘डीएनएस’वर जातो, कारण नावावरून आकडा काढून देणारी ती टेलिफोनची डायरीच होय. प्रत्येक प्रश्नागणिक शोधाचे क्षेत्र कमी होत जाते. शेवटी दुरुस्ती करून, सर्व काम पूर्ववत चालते का हे पाहून, काय झाले ते लिहून ठेवायचे. ही शोधपद्धती म्हणजेच या विद्येचा गाभा होय. परीक्षेत तीच विचारतात आणि नोकरीतही तीच लागते.

ती पुस्तक वाचून येत नाही; हाताने करावी लागते. त्यासाठी भारी प्रयोगशाळा नको. एखादा जुना संगणक खोलून पुन्हा जोडावा. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हा विनामूल्य प्रोग्राम घेतला तर एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो. तो बिघडवावा आणि दुरुस्त करावा. सिस्कोचा ‘पॅकेट ट्रेसर’ नोंदणी केल्यावर फुकट मिळतो. त्यात राउटर आणि स्विच पडद्यावर जोडता येतात. रोज दोन तास, असे सहा महिने केले तर 360 तास होतात. परीक्षेचा विषयवार आराखडा संस्था स्वतःच प्रसिद्ध करते. तो समोर ठेवून एकेक कलम हातावेगळे करावे, आणि सराव परीक्षांत आत्मविश्वास आल्यावरच फी भरावी.

मात्र स्वाध्याय म्हणजे एकट्याने अभ्यास नव्हे. आपल्या नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 पंडित नेहरू बंदिवान होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी 1944 साली तेथेच लिहिले. तेथे शिक्षक नव्हता, वर्ग नव्हता. पण मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखे सोबती होते आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण नेहरूंनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत मानले आहे. आपल्यालाही तीनचार सोबती मिळवता येतील. एकाने संगणकात मुद्दाम दोष घालावा, दुसऱ्याने तो शोधावा, तिसऱ्याने ग्राहक होऊन चिडून बोलावे. चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे हेही या धंद्याचे अर्धे कौशल्य आहे. या परीक्षा मराठीतून होत नाहीत, म्हणून इंग्रजी वाचन वाढवलेच पाहिजे. परंतु समजून घेण्याची भाषा मराठी असायला काहीच हरकत नाही. जे मराठीत आपल्या आईला समजावता येते, तेच खरे समजले.

शेवटी दोन धोक्यांची सूचना. पहिला धोका ‘डम्प’ नावाच्या चोरलेल्या प्रश्नसंचांचा. ते पाठ करून कोणी उत्तीर्ण होईलही. पण उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते, आणि न आल्यास पहिल्याच फोनवर फजिती होते. दुसरा धोका ‘आधी पैसे भरा, नोकरीची हमी देतो’ म्हणणाऱ्यांचा. खरा मालक नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागत नसतो, एवढी एक खूणगाठ बांधली तरी पुष्कळ घरे कर्जातून वाचतील.

मी प्रमाणपत्राची निंदा करीत नाही. ओळखपाळख नसलेल्या खेड्यातील मुलाला मुलाखतीचे बोलावणे येण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण त्याचे काम तेथेच संपते. दाराच्या आत गेल्यावर कागद बोलत नाही, हात बोलतो. म्हणून आपल्या मुलांना प्रमाणपत्र कधी मिळणार, असे विचारण्याऐवजी ‘आज काय दुरुस्त केलेस?’ असे आपण विचारू लागलो, तर कर्ज काढण्याआधीच पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतील, असे मला वाटते.