जोडणी कोणाची, दोष कोणाचा?

सप्टेंबर २०१२ मध्ये पूर्व फ्रान्समधील बेल्फोर येथील न्यायालयाने एका गृहस्थास १५० युरोंचा दंड ठोठावला. त्याच्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून काही गाणी विनापरवाना उतरवून घेण्यात आली होती. ती पत्नीने उतरवली, असे त्याने न्यायालयास सांगितले. तरीही दंड त्यालाच झाला, कारण जोडणी त्याच्या नावे होती आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेली होती.

हा कायदा ‘आदोपी’ या नावाने ओळखला जातो. ते मुळात त्यासाठी स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या फ्रेंच नावाचे लघुरूप होय. गाणी व चित्रपट यांची महाजालावरील अनधिकृत देवाणघेवाण रोखणे हा त्याचा हेतू होता, आणि कलावंतांचे नुकसान पाहता तो गैर म्हणता येणार नाही. अशा देवाणघेवाणीत प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता इतरांस दिसतो. हक्कधारकांचे प्रतिनिधी हे पत्ते टिपून प्राधिकरणाकडे देत, आणि प्राधिकरण सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकाचे नाव मिळवी. पहिली सूचना ई-मेलने, दुसरी नोंदणीकृत पत्राने आणि तरीही प्रकार न थांबल्यास जोडणी बंद, अशी योजना होती.

मूळ मसुद्यात जोडणी तोडण्याचा हा अधिकार न्यायाधीशाकडे नव्हे, तर प्राधिकरणाकडेच होता. ९ एप्रिल २००९ रोजी जवळजवळ रिकाम्या सभागृहात हे विधेयक २१ विरुद्ध १५ मतांनी फेटाळले गेले. मे महिन्यात मात्र ते संमत झाले. विरोधी सदस्यांनी मग घटना परिषदेकडे धाव घेतली.

१० जून २००९ रोजी परिषदेने दिलेला निर्णय मुळातून समजून घेण्याजोगा आहे. आधार घेतला गेला तो १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. त्याच्या अकराव्या कलमातील विचारस्वातंत्र्यात आजच्या काळात इंटरनेटचा वापरही येतो, म्हणून ते तोडण्याचा अधिकार प्रशासकीय मंडळाकडे देता येणार नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा अधिक मूलगामी होता. दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येकास निर्दोष मानावे, असे नववे कलम सांगते. येथे मात्र, आपल्या जोडणीचा गैरवापर दुसऱ्या कोणी केला, हे ग्राहकानेच सिद्ध करावयाचे होते. घरातील वायफायवर शेजाऱ्याने हात मारला असेल, तर सामान्य माणूस पुरावा आणणार कोठून?

आयपी पत्ता जोडणी दाखवितो, माणूस दाखवीत नाही. आणि तो टिपण्यात वा जुळविण्यात चूक झाली, तर जोडणीही भलत्याचीच निघते. महाराष्ट्रास हे २००७ मध्ये कळून चुकले आहे. समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. पुरवला गेलेला आयपी पत्त्याचा तपशीलच चुकीचा होता. तो उघड होईपर्यंत त्या निरपराध तरुणास येरवड्याच्या तुरुंगात सुमारे पन्नास दिवस काढावे लागले.

फ्रान्समध्ये त्याच वर्षी दुसरा कायदा करून शिक्षेचा अधिकार न्यायाधीशाकडे सोपविण्यात आला. पण पुढे प्रत्यक्ष नकलेऐवजी ‘गंभीर हलगर्जी’ हाच अपराध ठरवून कमाल १५०० युरोंच्या दंडाची तरतूद झाली. बेल्फोरच्या गृहस्थास दंड झाला तो याच वाटेने. परिषदेने पुढच्या दाराने बाहेर काढलेले ओझे मागच्या दाराने परत आले, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे अवघड आहे. जोडणी तोडण्याची शिक्षा जुलै २०१३ मध्ये रद्द करण्यात आली. १ जानेवारी २०२२ पासून हे प्राधिकरण ‘आर्कोम’ या नव्या संस्थेत विलीन झाले आहे. ३० एप्रिल २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने आयपी पत्त्यावरून नाव शोधण्यास मुभा दिली, परंतु ही माहिती परस्परांपासून अलग ठेवण्याच्या काटेकोर अटी घालूनच.

बँकव्यवहारात हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. खात्यातून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाल्यास जबाबदारी ग्राहकाची आहे, हे सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेवर ठेवला. मात्र ग्राहकाने स्वतःच पासवर्ड दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याच परिपत्रकाने त्याच्यावरच टाकले होते.