गुडघा नवा झाला, मांडीचे काय?

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. झिजलेल्या सांध्याच्या जागी धातू व प्लॅस्टिकचा सांधा बसतो आणि वर्षानुवर्षांची कळ थांबते. परंतु घरी आल्यावर अनेक रुग्ण तक्रार करतात, ‘पायात जोरच नाही. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, एस.टी.ची पायरी चढवत नाही.’ घरच्यांना वाटते, शस्त्रक्रिया फसली. पुष्कळदा सांधा उत्तम बसलेला असतो. दुबळी असते ती मांडी.

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा गट असतो. डॉक्टर त्याला ‘क्वाड्रिसेप्स’ म्हणतात. हे चारही स्नायू गुडघ्याच्या वाटीपाशी एकत्र येतात आणि पुढे नडगीच्या हाडाला जोडले जातात. गुडघा सरळ करणे, बसलेले उठणे, जिना चढणे आणि उतरताना शरीराचा भार सावरणे ही कामे मुख्यतः त्यांची.

आज्ञाच कमी पोहोचते

गुडघा दुखू लागला की चालणे कमी होते आणि स्नायू वाळतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. सांध्यात सूज किंवा वेदना असली की तेथील मज्जातंतू मज्जारज्जूकडे संदेश धाडतात आणि मांडीला जाणारी आज्ञा दबली जाते. निरोगी गुडघ्यात प्रयोगादाखल द्रव भरला तरी मांडीचा जोर घटतो. विहिरीवरचा पंप शाबूत असावा, पण व्होल्टेज कमी असावे, तसा हा प्रकार.

हे मोजताही येते. रुग्णाला पूर्ण जोर लावायला सांगतात व त्याच क्षणी स्नायूला विजेचा सौम्य झटका देतात. जोर वाढला, तर तेवढी ताकद स्नायूत असूनही वापरली जात नव्हती, असे समजावे.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी 20 रुग्णांची अशी तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर सुमारे चार आठवड्यांनी केली. 2005 साली ती प्रसिद्ध झाली. मांडीची ताकद 62 टक्क्यांनी घटली होती. स्नायूचा आकार मात्र 10 टक्क्यांनीच. ताकद घटण्यात स्नायू वाळण्यापेक्षा आज्ञा न पोहोचण्याचा वाटा जवळजवळ दुप्पट होता.

काय करावे?

तयारी शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू करावी. आधी मांडीत ज्यांच्या ताकद अधिक, त्यांची वर्षभरानंतरची चाल व जिना चढणे अधिक चांगले असते, असे आढळले आहे.

पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच सेकंद धरावी, सोडावी. असे दहा वेळा करावे. श्वास रोखू नये. मांडी घट्ट झाली की नाही, हे हाताने चाचपून पाहावे. जमू लागल्यावर पाय सरळ ठेवून वर उचलणे आणि पुढे खुर्चीतून ऊठबस, असा क्रम ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर हाच व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून करावा. सूज उतरवण्यासाठी बर्फाचा शेक घ्यावा, पण बर्फ कापडात गुंडाळूनच. काही रुग्णांना फिजिओथेरपिस्ट स्नायूला विजेची उत्तेजना देतात, त्याचाही उपयोग होतो. विश्रांती घेताना गुडघ्याखाली सतत उशी ठेवू नये. गुडघा वाकलेलाच राहण्याची भीती असते.

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप आला, तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

टाके निघाले, दुखणे थांबले, की व्यायाम सुटतो. नेमकी चूक येथेच होते. मांडीची ताकद परत यायला महिनोन्‌महिने लागतात. कुटुंबाने शस्त्रक्रियेसाठी पैशांची जुळवाजुळव केलेली असते. त्या खर्चाचे चीज व्हायचे, तर रोजची वीस मिनिटे मांडीसाठी काढलीच पाहिजेत. घरातील सुना-मुलांनीही ‘आजी, बसून राहा’ म्हणण्याऐवजी ‘आजी, व्यायाम झाला का?’ असे विचारावे.