पाचट जाळू नका, टोमॅटोखाली अंथरा

मे २०२५च्या शेवटच्या आठवड्यात बारामती-इंदापुरात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. नीरा डावा कालवा फुटला, उभ्या पिकात पाणी साचले, पंचनामे सुरू झाले. पंचनाम्यात कधीच न येणारे एक नुकसान मात्र घरोघरी झाले. परसातले टोमॅटो बसले. पाऊस उघडल्यावर आठवड्याभरात खालची पाने पिवळी पडली, त्यांवर तपकिरी ठिपके आले, ठिपक्यात वर्तुळात वर्तुळ. मग घरातले कुणीतरी पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जाते आणि सहा झाडांसाठी एकरभराच्या औषधाची बाटली घेऊन येते. त्याच झाडाचा टोमॅटो दोन दिवसांनी मुलांच्या कोशिंबिरीत पडतो. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही, ते लेबलवरच्या बारीक अक्षरांत राहून जाते. मला त्या बाटलीची धास्ती करप्यापेक्षा जास्त वाटते.

वर्तुळांचा ठिपका म्हणजे लवकर येणारा करपा. त्याची बुरशी जमिनीत आणि गेल्या हंगामाच्या काडीकचऱ्यात टिकून असते. उघड्या मातीवर थेंब आपटला की चिखलाचे शिंतोडे उडतात आणि त्यांबरोबर बुरशी खालच्या पानांवर जाऊन बसते. म्हणून सुरुवात नेहमी खालून होते. इंदापूरच्या डाळिंबवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. तेल्याही पावसाच्या शिंतोड्यांनीच झाडाझाडांवर पसरतो. तेव्हा पहिले काम शिंतोडा थांबवण्याचे, आणि त्याचा माल आपल्या दारात पडलेला आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या पाचटाला काय तोटा? तोडणी झाली की आपण ते पेटवून देतो. त्यातले दोन भारे घरी आणा. झाडाखाली चार बोटे जाडीचा थर द्या, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने कोरड्या दिवशी खुडून टाका, झाड सुतळीने काठीला बांधा. पाणी सकाळी आणि बुडाशीच द्या. संध्याकाळी पाइपने झाडाला अंघोळ घालण्याची सवय फार वाईट. पान रात्रभर ओले राहिले की बुरशीला हवे ते मिळते.

एवढे करूनही ठिपके वर चढू लागले तर घरच्या घरी बोर्डो मिश्रण करता येते. फ्रान्समध्ये मिलार्देने १८८५मध्ये ते द्राक्षांसाठी पुढे आणले, आणि आपल्याकडच्या द्राक्षबागांनाही ते नवे नाही. एका लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करायचे. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. रोपे कोवळी असतील तर दोन्हींचे प्रमाण निम्मे. केले त्याच दिवशी वापरायचे, आणि फळे धुऊनच खायची.

मर रोगाला मात्र फवारा चालत नाही. भरल्या पाण्यात हिरवेगार झाड दुपारी अचानक मान टाकते, तेव्हा बुंध्याजवळून बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच मिनिटांत कापातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणूजन्य मर. असे झाड मातीसकट उपटा, आणि त्या जागी टोमॅटो, बटाटा, वांगे, मिरची यांपैकी काहीही लावू नका. चारही एकाच कुळातली. मर नेहमीचीच असेल तर कलमी रोपे लावा. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या भाजीपाला गुणवत्ता केंद्रात अशा रोपांचे काम चालते.

आता दोन पतंगांची गोष्ट, कारण दोन्ही आपल्या भागाशी जोडलेले आहेत. बटाटा पोखरणारा पतंग १९०६मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरला. त्याच कुळातला दुसरा, टोमॅटोवरचा टुटा, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. २००६मध्ये तो स्पेनमध्ये पोहोचला आणि २०१४मध्ये भारतात प्रथम सापडला, तो पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत. पानावर बारीक नागमोडी पांढरी रेघ दिसली तर ती नेहमीची नागअळी. कागदासारखा रुंद, पारदर्शक डाग आणि आत काळी विष्ठा दिसली तर टुटा. पान उजेडात धरले की आतली अळी हलताना दिसते. सहा झाडांना औषध लागत नाही. रोज सकाळी अशी पाने खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायची. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी उंच झेंडू लावा. झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा पंधरा दिवसांनी मोठे हवे, म्हणजे दोघांना फुले एकदम येतात.

बटाट्याच्या पतंगाला मातीची भरच अडवते. उघड्या पडलेल्या किंवा भेगेतून दिसणाऱ्या बटाट्यावर तो अंडी घालतो, म्हणून भर दोनदा द्या. काढलेला बटाटा रात्रभर रानात उघडा ठेवू नका. साठवताना वर-खाली घाणेरीचा पाला घातला तर पतंग दूर राहतो. आणि एक कळकळीची विनंती: भाजीच्या टोपलीतला मोड आलेला बटाटा कुंडीत पुरू नका. खायचा बटाटा बेण्यासाठी तपासलेला नसतो. विषाणू आणि मर त्याच्याबरोबरच मातीत येतात, आणि माती नासली की पुढची कितीतरी वर्षे नासते.

विषाणूचा विषय निघाला की २०२०चा मे आठवतो. टोमॅटो एकसारखे लाल होईनात, पिवळे-हिरवे पट्टे राहू लागले, आणि ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव सगळीकडे झाले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू आढळला. तो मावा पसरवतो, आणि माणसाला होत नाही. टाळेबंदीच्या त्या दिवसांत काही बातम्यांनी मात्र लोकांना टोमॅटोचीच भीती घातली. शेतकऱ्याचे दर पडले ते विषाणूने आणि त्या बातम्यांनीही. यावर औषध नाही. मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे आवरायचे, रोगट झाड दिसताच काढायचे, एवढेच हाती आहे.

त्यासाठी लागणारा माल सध्या बांधावर पडतो आहे. कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा आहे. दोन सरींमधल्या उघडिपीत त्या वेचा, गर धुऊन टाका, बिया सावलीत वाळवून ठेवा. लागतील तेव्हा ५० ग्रॅम बिया भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी गाळून उन्हे उतरल्यावर फवारा. पंधरा दिवसांनी वेचायला गेलात तर त्या चिखलात गेलेल्या असतील.