छोटा संगणक कशासाठी थांबतो? रास्पबेरी पाय आणि बाहेरची एसएसडी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, आणि आजचा विषय आहे छोट्या संगणकाला बाहेरून एसएसडी जोडण्याचा. पत्रिका वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी एका सार्वजनिक वाचनालयाचे काम बघतो. तिथे जे घडले त्यातून हा विषय आमच्या गळ्यात पडला.

वाचनालयाची सगळी सूची आम्ही संगणकावर घेतली. त्यासाठी घेतला रास्पबेरी पाय ४. हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. प्रोसेसर, मेमरी, जोडण्या सगळे एकाच पट्टीवर, म्हणून त्याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून २०१२ साली पहिला पाय आणला. आमचा चौथ्या पिढीतला, २०१९चा. वीज अगदी थोडी खातो, आवाज करत नाही, आणि वाचनालयाला परवडतो.

सूचीत आम्ही एक भर घातली होती. जुने वाचक एखाद्या पुस्तकाबद्दल जे सांगत, ते त्या पुस्तकाच्या नोंदीखाली टिपून ठेवायचे. हे पुस्तक कोणी आणले, कोणत्या प्रकरणावर कट्ट्यावर भांडण झाले, असे सगळे. ग्रंथालयशास्त्रात त्याला जागा नसेल, पण आमच्या लेखी तोच वाचनालयाचा इतिहास.

तर हे यंत्र हळूहळू रडायला लागले. शब्द टाइप करा, एंटर दाबा आणि बसा. समितीत ठराव आला की हे खेळणे काढून टाका, मोठा संगणक घ्या.

इथे आमचा जुना धंदा उपयोगी पडला. न्यायशास्त्रात कारणाची चर्चा करताना घटाचे उदाहरण देतात. घट झाला, त्याला माती कारण, कुंभार कारण, चाक कारण. पण माती गाढवावरून आली म्हणून गाढव काही घटाचे कारण होत नाही. ते नुसते आधी हजर होते. अशाला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. यंत्र मंद आहे आणि यंत्र लहान आहे, या दोन गोष्टी एकत्र दिसतात. म्हणून लहानपण हे मंदपणाचे कारण आहे की कुंभाराचे गाढव? आधी हे तपासायला हवे, हो की नाही?

तपासणे सोपे आहे. पायवर लिनक्स चालते. टर्मिनल उघडून ‘टॉप’ ही आज्ञा दिली की वरच्या ओळींत प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दिसते. त्यात ‘डब्ल्यूए’ नावाचा एक आकडा असतो, म्हणजे वेट. प्रोसेसर रिकामा आहे, पण साठवणुकीतून माहिती यायची वाट बघतोय, तो वेळ. आमच्याकडे शोध सुरू केला की हा आकडा चढायचा आणि प्रत्यक्ष कामाचा आकडा खालीच राहायचा. म्हणजे प्रोसेसर दमलेला नव्हता, त्याच्यापर्यंत माहितीच वेळेवर पोहोचत नव्हती.

ती यायची कुठून? मायक्रोएसडी कार्डातून. पायला स्वतःची हार्ड डिस्क नसते. नखाएवढ्या कार्डावर सगळी सिस्टीम बसते. हे कार्ड मुळात कॅमेऱ्या-मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ ठेवण्यासाठी घडवलेले. व्हिडिओ म्हणजे एक लांबलचक सलग प्रवाह. संगणकाची सिस्टीम तसे वागत नाही. ती इथून एक तुकडा, तिथून एक तुकडा असे हजारो छोटे तुकडे मागते, आणि मधेमधे छोट्या नोंदी लिहीत राहते. एका कपाटातली शंभर पुस्तके उचलणे वेगळे, आणि शंभर कपाटांतून एकेक चिठ्ठी काढून आणणे वेगळे. शिपाई तोच, वेळ किती बदलतो बघा.

लिहिण्यात आणखी एक अडचण. फ्लॅश मेमरीत लिहिताना एक पान लिहिता येते, पण पुसताना पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. त्यामुळे दोन ओळींच्या बदलासाठी आतल्या आत बरीच हलवाहलव होते. कार्डातली व्यवस्था साधी असल्याने तिची यात दमछाक होते. एसएसडीतही फ्लॅशच असते, पण तिचा नियंत्रक बराच ताकदवान असतो. अनेक चिपांवर तो एकाच वेळी काम करतो, आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो.

आता आकडे. पाय ४च्या कार्डाच्या खाचेची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे ५० मेगाबाइट. त्याच पायवर यूएसबी ३ची दोन निळी पोर्टे आहेत, सेकंदाला ५ गिगाबिटची. तिथे साधी साटा एसएसडी लावली तर सलग वाचन तीनशे मेगाबाइटच्या पुढे जाते. पण डब्यावरच्या या आकड्याला फार भुलू नका. रोजच्या कामात फरक पडतो तो छोट्या तुकड्यांच्या वेगामुळे.

आम्ही हे सगळे शिकत होतो, आणि एके दिवशी पावसात वीज गेली. नोंद लिहिली जात असतानाच गेली. वीज आली, पण यंत्र सुरू होईना. कार्ड गेले होते. सूची जुन्या प्रतीवरून परत आणली. त्या प्रतीनंतर टिपलेल्या आठवणी मात्र गेल्या. ठराव बाजूला राहिला, आणि आम्ही एसएसडी आणली.

जोडायचे कसे, ते क्रमाने सांगतो. अडीच इंची साटा एसएसडी आणि तिला यूएसबी ३ करणारी केबल किंवा डबी घ्यायची. २४० जीबी आमच्यासारख्या कामाला भरपूर झाली. पायवरच्या मेनूत ‘एसडी कार्ड कॉपियर’ नावाची सोय असते. चालू कार्डाची जशीच्या तशी प्रत ती एसएसडीवर करते. नवी सुरुवात करायची असेल तर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ने सिस्टीम थेट एसएसडीवर लिहिता येते. मग यंत्र बंद करायचे, कार्ड काढायचे, एसएसडी निळ्या पोर्टात लावायची आणि सुरू करायचे. काळ्या पोर्टात लावलीत तर ती यूएसबी २ची वाट, बराचसा फायदा तिथेच गेला. पाय ४ जुना असेल तर त्याचा बूटलोडर आधी अद्ययावत करावा लागतो, कारण यूएसबीवरून सुरू होण्याची सोय त्यात नंतर आली. आणि काढलेले कार्ड पुसू नका. आठवडाभर सगळे नीट चालेपर्यंत ते ड्रॉवरमध्ये राहू द्या.

आता तीन खाचखळगे. पहिला विजेचा. पाय ४ची चारही यूएसबी पोर्टे मिळून १.२ अँपिअरच देतात. अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा, मोबाइलचा जुना चार्जर नको. पडद्यावर विजेची खूण दिसली तर समजा वीज कमी पडते. डिस्क जास्त खाणारी असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. दुसरा, काही डब्यांमधली चिप आणि लिनक्स यांचे जमत नाही. यंत्र मधेच गोठते. सेटिंगमध्ये त्या चिपसाठी जुनी, सावकाश पद्धत लागू करता येते, पण जमत असेल तर डबीच बदला. तिसरा खळगा आम्हाला चक्रावून गेला. एसएसडी लावली आणि वायफाय रडू लागले! यूएसबी ३ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत गोंधळ घालते. चांगली केबल घेऊन डिस्क हातभर दूर ठेवली आणि प्रश्न मिटला.

गुण आला का? यंत्र सुरू होण्यात, प्रोग्रॅम उघडण्यात आणि सूचीतल्या शोधात फरक इतका की समितीतल्या विरोधकांनीही मान हलवली. पण जुन्या पानांचे फोटो घेऊन ‘टेसरॅक्ट’ने देवनागरी अक्षरे ओळखायचे काम आम्ही करतो, ते पूर्वीइतकेच सावकाश राहिले. तिथे वाट बघण्याचा प्रश्नच नव्हता, प्रोसेसर खरोखर राबत होता. यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कार्ड होते तिथे खोळंबा होता, कार्ड गेले आणि तो खोळंबा गेला. जो मंदपणा तरीही उरला, त्याचे कारण कार्ड नव्हते.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: “आम्ही थेट पाय ५ घ्यावा का?” तो २०२३ साली आला, त्याला पीसीआय एक्स्प्रेसची वाट आहे, आणि जोडपट्टी लावून त्यावर आणखी वेगवान एनव्हीएमई डिस्क बसते. घ्या की. पण आधी तुमच्या यंत्रावर ‘टॉप’ लावून बघा. वेटचा आकडा मोठा असेल तर आहे त्यालाच एसएसडी पुरेल. प्रोसेसरच भरलेला असेल तर नवा पाय घ्या. आणि तापमान ८० अंशांवर जात असेल तर आधी पंखा लावा, कारण तापलेला पाय आपणहून वेग कमी करतो.

शेवटचे. एसएसडी वेग देते, हमी देत नाही. तीही एक दिवस जाते, आणि वीज गेली तर तीही चुकते. म्हणून आता रोज रात्री सूचीची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि महिन्यातून एकदा एक प्रत कार्यवाहांच्या घरी. गेलेल्या आठवणी आम्ही पुन्हा विचारायला निघालो. बहुतेकांनी हसत परत सांगितल्या, काहींनी तर वाढवून सांगितल्या. दोघे मात्र त्या मधल्या काळात गेले. त्यांच्या पुस्तकांखालची जागा आम्ही रिकामीच ठेवली आहे, नुसते नाव लिहून.

तुमच्याकडे असे काही एकाच कार्डावर असेल, तर वेगाचे नंतर बघू. आज घरी गेल्यावर आधी त्याची प्रत करा.