आंदेर्स लार्सन : लाज नाकारणारा लेखक

नॉर्वेच्या उत्तर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सामी लोकांना ‘नॉर्वेजियन’ करून टाकण्याचे धोरण तेथील राज्यसत्तेने राबवले. १८९८ च्या आदेशाने शाळेत सामी भाषेचा वापर अगदी गरजेपुरता उरला. १९०२ च्या कायद्याने फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घेणाऱ्यावर नॉर्वेजियन बोलण्या-लिहिण्याची अट आली. म्हणजे जमीन हवी तर आधी भाषा सोडा!

आंदेर्स लार्सन (१८७०–१९४९) हे याच समाजातले शिक्षक. १९०४ पासून १९११ पर्यंत त्यांनी सामी भाषेत वृत्तपत्र चालवले. या पत्राने इसाक साबा यांची उमेदवारी उचलून धरली. १९०६ च्या निवडणुकीत साबा विजयी झाले. नॉर्वेच्या संसदेत पोहोचलेले ते पहिले सामी.

१९१२ मध्ये लार्सन यांनी सामी भाषेतली पहिली कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘दिवसाची सुरुवात’. तिचा नायक आबो एइरा आपले सामीपण लपवू पाहतो. कायदा जमीन हिरावतो, हे उघड दिसते. पण सत्तेची तुच्छता माणसाच्या स्वतःच्या मनात घर करते, तेव्हा तो आपल्याच माणसांपासून तुटतो. लार्सन यांनी नेमके हे दुखणे मांडले, आणि तेही हिणवल्या गेलेल्या भाषेतच.

नॉर्वेच्या संसदेने या धोरणाबद्दल माफी मागितली ती २०२४ मध्ये. लार्सन माफीसाठी थांबले नव्हते.