मैदानावरील अदृश्य परीक्षक

विजयादशमीच्या मुहूर्तावर, २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना करून मुलींना शारीरिक शिक्षण देण्यास आरंभ केला. त्या संस्थेच्या विचारसरणीविषयी कोणाचे मत काहीही असो, मुलीने मैदानावर लाठी फिरवावी ही गोष्ट तत्कालीन समाजाच्या नजरेला नवी होती. आणि आज त्याच वर्धा जिल्ह्यातील आर्वी, देवळी वा हिंगणघाट येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत कबड्डी व खो-खो खेळत असल्या, तरी तेवढ्याने त्या नजरेचा प्रश्न निकालात निघाला असे मानण्याचे कारण नाही.

स्वतःच्या देहाविषयी मनात वसलेली प्रतिमा ही एक गोष्ट, आणि इतर लोक आपल्या देहाची पारख करीत आहेत या कल्पनेने होणारी घालमेल ही दुसरी. या दुसरीला १९८९ मध्ये एलिझाबेथ हार्ट, मार्क लिअरी व जॅक रेजेस्की या अमेरिकी संशोधकांनी ‘सामाजिक देहचिंता’ या अर्थाचे स्वतंत्र नाव दिले व तिच्या मोजणीसाठी बारा विधानांची प्रश्नावली रचली. सुदृढ, चपळ, पदके मिळविणारी खेळाडूही या चिंतेतून सुटलेली असेलच असे नाही, कारण तिचे मूळ देहाच्या घडणीपेक्षा मनाने कल्पिलेल्या परीक्षकात अधिक असते.

हा परीक्षक प्रत्यक्ष हजर असावा लागतो असेही नाही. बार्बरा फ्रेडरिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालावयास देऊन, बंद खोलीत एकटीनेच गणिते सोडविण्यास सांगितले, तेव्हा पोहण्याच्या पोशाखातील मुलींची कामगिरी उणी ठरली. पुरुष विद्यार्थ्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. अवधान ही मर्यादित पुंजी आहे, आणि तिचा एक हिस्सा ‘मी कशी दिसते’ या पहाऱ्यावर खर्ची पडला, की कबड्डीत चढाईला निघालेल्या मुलीचे लक्ष बोनस रेषेऐवजी वर सरकणाऱ्या टी-शर्टाकडे जाते.

लोक आपल्याकडे वाटते तितके पाहत नाहीत, असे थॉमस गिलोविच यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. लाजिरवाणे चित्र छापलेला टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की जवळपास निम्म्या लोकांनी ते ओळखले असेल, प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे पाव निघाले. परंतु ज्या मुलीला शेरे खरोखरच ऐकावे लागतात, तिचे या दाखल्याने समाधान होणार नाही. शिवाय ही चिंता उपासाच्या वाटेने गेली, तर श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडून मासिक पाळी थांबते व हाडे दुबळी होतात. या अवस्थेकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये क्रीडाजगताचे लक्ष वेधले.

नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला २०२१ मध्ये, बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातल्याबद्दल दंड झाला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेला आपला नियम बदलावा लागला. पोशाखाची निवड खेळाडूवर सोपविणे, वजन आडोशाला घेणे व तो आकडा चारचौघांत न पुकारणे, आणि शिक्षकाने शरीराच्या ठेवणीवर न बोलता पकडीतील चुकीवर बोलणे, या गोष्टींना ना सरकारी मंजुरी लागते ना खर्चाची तरतूद; त्या प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाच्या अखत्यारीतल्या आहेत, आणि म्हणूनच त्या न केल्याचा जाब मुलींच्या संकोचाला विचारता येणार नाही.