सप्तद्वीपांची प्रजा
(पुराणांतील भूगोल : लेखांक चौथा)

मागील लेखांकात आपण क्षार, इक्षुरस, सुरा, घृत, दधी, दुग्ध आणि शुद्धोदक या सात समुद्रांची मांडणी पाहिली. त्या समुद्रांनी वेढलेली जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर ही सात द्वीपे कोणाच्या अमलाखाली होती व तेथील प्रजा कशी नांदत होती, याचा विचार आज विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशाच्या आधारे करावयाचा आहे.

जंबुद्वीपाचा विस्तार 1 लक्ष योजने. त्यापुढील प्रत्येक द्वीप मागच्याच्या दुप्पट, म्हणजे सातव्या पुष्करद्वीपाचा विस्तार 64 लक्ष योजने भरतो. एवढ्या अफाट मुलखाची वाटणी मात्र एका पिढीत व कोणताही तंटा न होता उरकली. राजा प्रियव्रताच्या दहा पुत्रांपैकी तिघांना राज्याची वासना नव्हती. उरलेल्या सातांना त्याने एकेक द्वीप नेमून दिले. अग्नीध्राला जंबू, मेधातिथीला प्लक्ष, वपुष्मानाला शाल्मली, ज्योतिष्मानाला कुश, द्युतिमानाला क्रौंच, भव्याला शाक आणि सवनाला पुष्कर असा तो हिशेब आहे. प्लक्षापासून शाकापर्यंतच्या पाच राजांना प्रत्येकी सात पुत्र झाले, प्रत्येक द्वीपाचे सात विभाग पडले, आणि प्रत्येक द्वीपात सात मुख्य पर्वत व सात मुख्य नद्या आल्या. ज्याने हा भूगोल रचला त्याच्या हाती दप्तर असते, तर त्यात एकही खाडाखोड आढळली नसती.

प्रजेच्या वर्णनातही हाच नेटकेपणा आहे. या पाचही द्वीपांत चार वर्ण आहेत, परंतु त्यांची नावे निराळी : शाल्मलीत ती कपिल, अरुण, पीत आणि कृष्ण अशी रंगांवरून पडलेली, तर शाकद्वीपात मग, मागध, मानस आणि मंदग अशी. उपास्य विष्णूच, पण प्लक्षात तो सोमरूपाने पूजिला जातो, शाल्मलीत वायुरूपाने, शाकात सूर्यरूपाने. आयुर्मान पाच सहस्र वर्षांचे, रोगराई नाही, आणि काळ सदैव त्रेतायुगासारखा, त्यामुळे युगांचा चढउतारही नाही. पुष्करद्वीपात तर वर्णभेद, कृषी, वाणिज्य व दंडनीती यांपैकी काहीच नाही. षड्रस अन्न आपोआप पुढे येते आणि दहा सहस्र वर्षांचे आयुष्य मत्सराविना, क्रोधाविना सरते.

हे सारे समुद्र न पाहिलेल्या माणसांचे स्वप्नरंजन होते, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही तेरणेकाठचे तेर, म्हणजेच प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात नोंदलेले आहे. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरील या गावातून जाडेभरडे कापड व तलम मलमल बिकट वाटांनी गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेली जात असे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना 1938 साली इटलीतील पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेल्या तशाच मूर्तीचे स्मरण अभ्यासकांना होते. खाऱ्या समुद्रापलीकडे खरोखर कोणते देश आहेत हे आपल्या लोकांना ठाऊक होते. दुधातुपाचे समुद्र रचण्यामागील प्रयोजन वेगळेच होते.

ते प्रयोजन आजही घराघरांत ऐकू येते. कळंबला किंवा भूमला एखाद्या घरी सत्यनारायणाची पूजा मांडली म्हणजे यजमान उजव्या तळहातावर पाणी घेऊन बसतो आणि उपाध्याय संकल्प सांगू लागतो. प्रथम कल्प, मन्वंतर व कलियुगाचा प्रथम चरण, मग जंबुद्वीप, त्यात भरतवर्ष, त्यात दंडकारण्य, मग गोदावरीचे दक्षिण तीर, आणि सरतेशेवटी संवत्सर, मास, तिथी, यजमानाचे गोत्र व नाव. गोदावरी या जिल्ह्यातून वाहत नाही. ती उत्तरेला बरीच दूर राहते. तरीही खरेदीखतात शेताची चतुःसीमा लिहावी तसा हा माणूस अफाट विश्वात नेमक्या जागी बसविला जातो, आणि त्यानंतरच त्याचे पाणी ताम्हनात सुटते.

कर्म करणाऱ्याचा पत्ता इतका काटेकोर का सांगावा लागतो, याचे उत्तर त्याच पुराणात आहे. भारत ही कर्मभूमी, बाकीच्या भोगभूमी, असे ते स्पष्ट सांगते. जंबुद्वीपातीलच किंपुरुषादी आठ वर्षांत, म्हणजे भूखंडांत, भूक नाही, श्रम नाहीत, आणि पाऊसही नाही. पाणी भूमीतूनच मिळते. परंडा-भूमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला, हे वर्णन हेवा वाटण्याजोगे खरे. परंतु पुराणकार तेथे थांबत नाही. स्वर्ग, मोक्ष वा अधोगती यांपैकी काहीही मिळविण्याची संधी त्याने पावसाची वाट पाहणाऱ्या या एकाच भूमीला दिली आहे, आणि देवही येथे जन्म मिळालेल्यांना धन्य म्हणतात, असे तो सांगतो.

इतिहासाची वाटणीही त्याने त्याच न्यायाने केली. प्लक्ष ते पुष्कर या सहा द्वीपांची राजवंशावळ नातवांपर्यंत येऊन संपते, कारण जेथे कोणाला काही उणे नाही तेथे पुढे घडावयाचे ते काय? उलट भरतवर्षासाठी त्याच ग्रंथाचा चौथा अंश नंद, मौर्य, शुंग, काण्व आणि आंध्र अशा घराण्यांच्या चढउतारांनी भरला आहे. आणि आंध्र म्हणजे ज्यांच्या काळात तगराचा व्यापार भरभराटीस आला ते सातवाहनच. कल्पित द्वीपांना पुराणकाराने सर्व सुखे दिली. इतिहास मात्र त्याने दुःख ठाऊक असलेल्या देशाकडेच ठेवला.

या रचनेची गाठ पुढे गणिताशी पडली. पृथ्वी गोल मानणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त जंबुद्वीप उत्तर गोलार्धात ठेवून बाकीची सहा द्वीपे क्षारसमुद्राच्या दक्षिणेस बसविली. शाकद्वीपातील सूर्योपासक ‘मग’ मात्र निव्वळ कल्पनेतले नव्हते; त्यांचा माग घेत इराणपर्यंत जाण्याचा विचार पुढील लेखांकात करू.